शब्द पाठ असतात, पण वेळेला तोंडात येत नाहीत: बिघाड वहीत आहे, तो असा शोधा

दर जूनमध्ये नवी बॅच सुरू झाली की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर कुणीतरी मागे थांबतं आणि वही पुढे करतं. यंदा कळव्याची एक मुलगी थांबली. बीकॉम झालेली, ऐरोलीत एका बॅक ऑफिसमध्ये बिलं तपासायचं काम. दोनशे पानी वही, प्रत्येक पानावर मधोमध पट्टीने मारलेली रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. शब्दांना क्रमांक घातलेले, शेवटचा ७४०.

"मॅडम, पाठ होतं हो. पण वेळेला तोंडातच येत नाही. आणि मेलमध्ये मुद्दाम लिहिला तर टीम लीडर म्हणतात, हे असं नाही लिहीत."

मी वही मधेच उघडली आणि ‘मिटिगेट’ विचारला. "कमी करणे, सौम्य करणे." उत्तर ताबडतोब आलं. म्हटलं, आता यातून एखादं वाक्य सांग. ती जरा थांबली आणि म्हणाली, "आय वॉन्ट टु मिटिगेट माय वेट."

वाक्य बिघडलंय हे तिला स्वतःलाही ऐकू आलं. का बिघडलंय ते मात्र कळेना, कारण वहीप्रमाणे अर्थ बरोबर होता. वजन कमी करायचं, मिटिगेट म्हणजे कमी करणं. मग चुकलं कुठे?

ठाण्यात नौपाड्यातल्या खोलीत गेली चौदा वर्षं मी संध्याकाळचे वर्ग घेते. बहुतेक मुलं मराठी माध्यमाची, काही बँकेच्या परीक्षा देणारी, काही नवी मुंबईतल्या ऑफिसांत लागलेली, काही परदेशी शिकायला जाण्याच्या तयारीत. ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की वही उघडायच्या आधीच मला पानावरची ती रेघ दिसते. मुलं कष्टाळू असतात, त्यांच्या मेहनतीत खोट नसते. खोट त्या दोन रकान्यांत आहे. रकाना सांगतो की हा शब्द म्हणजे तो शब्द. इंग्रजी शब्द तसा कधीच नसतो, मराठी तरी कुठे असतो?

आधी कुठे अडतंय ते बघा

‘शब्द येत नाही’ ही वरवर एकच तक्रार असली तरी तिच्या आत तीन वेगळे बिघाड असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. म्हणून आधी स्वतःची तपासणी करा, पंधरा मिनिटं पुरतात. महिनाभरापूर्वी लिहिलेले वीस शब्द घ्या, कालचे नकोत. पहिल्या फेरीत उजवी बाजू झाकून अर्थ सांगा. दुसऱ्या फेरीत डावी बाजू झाका आणि मराठीवरून इंग्रजी शब्द सांगा. तिसऱ्या फेरीत प्रत्येक शब्दाचं एक वाक्य करा, आणि ते तुमच्या कामातलं किंवा घरातलं हवं, पुस्तकातलं आठवलेलं नको.

पहिल्याच फेरीत अडलात तर उजळणीत चूक आहे. पहिली जमली आणि दुसऱ्या फेरीत अडलात तर सरावाची दिशा उलटी आहे. दोन्ही जमल्या आणि तिसरीत पडलात, तर तुम्हाला शब्दाचा अर्थ माहीत आहे, संगत, म्हणजे तो कोणत्या शब्दांबरोबर येतो ते, माहीत नाही. कळव्याची मुलगी पहिल्या फेरीत जवळजवळ पैकीच्या पैकी, दुसरीत निम्म्यावर आणि तिसरीत तीन शब्दांवर थांबली. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं साधारण असंच असतं.

अर्थच आठवत नाही

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि किती वेळाने किती विसरतं ते मोजायचं. विसरणं सुरुवातीला फार वेगाने होतं, मग मंदावतं, हे त्याला दिसलं. म्हणजे रविवारी चार तास बसून शंभर शब्द घोकले आणि पुढच्या रविवारी वही उघडली, तर ज्या दिवसांत शब्द सर्वात जास्त गळतात नेमके तेच दिवस आपण मोकळे सोडले.

दुसरी चूक म्हणजे वाचत बसणं. दोन्ही रकाने डोळ्यांसमोर ठेवून पान वाचलं की सगळं येतंय असं वाटतं. ते ओळखणं आहे, आठवणं नाही. गल्लीतला माणूस दिसला की चेहरा ओळखीचा वाटतो, पण तो समोर नसताना त्याचं नाव सांगा म्हटलं की अडतं, तसं. उजळणी म्हणजे झाकून सांगणं. चुकलं तरी आधी डोक्याला ताण द्यायचा, मग बघायचं.

याला वहीपेक्षा कार्डं बरी. सेबास्टियन लाइट्नर या जर्मन पत्रकाराने १९७० च्या दशकात खोक्याची एक सोपी पद्धत लोकप्रिय केली आणि मी तीच वापरते. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे चार पडदे लावले की पाच कप्पे होतात. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. आलं की पुढच्या कप्प्यात जातं, चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात परत. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा रविवारी, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिका कापा. कागद जाड असतो आणि पाठ कोरी असते. मोबाइलवर हेच काम अँकी नावाचं अ‍ॅप करतं. अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर ते फुकट आहे. पण सुरुवातीचे दोन महिने तरी हाताने लिहा असं मी सांगते, कारण कार्ड तयार करतानाच अर्धा शब्द शिकून होतो. कुणीतरी बनवलेला हजार शब्दांचा तयार संच उतरवून घेतला की नेमका तो अर्धा भाग हातून जातो.

आणि रोज पाचच शब्द. हा आकडा ऐकून मुलं नाराज होतात. पण आठवड्याला सहा दिवस पाच म्हटले तरी तीस होतात, आणि वर्षात आजारपण, लग्नकार्य, सुट्ट्या वजा करूनही हजारावर जातात. ते हजार वापरता येतात. ७४० ची ती वही वापरता येत नव्हती.

अर्थ येतो, शब्द सुचत नाही

हा बिघाड सर्वात सोपा आहे, आणि लोक त्यालाच सर्वात जास्त घाबरतात. "माझी मेमरी कमी आहे," "माझा कॉन्फिडन्स कमी आहे," असं ते सांगतात. मेमरीला काही झालेलं नसतं. वर्षभर तुम्ही इंग्रजी शब्द बघून मराठी सांगायचा सराव केला, म्हणून मराठी सांगता येतं. बोलताना उलटं करावं लागतं: आधी डोक्यात परिस्थिती येते, मग शब्द शोधावा लागतो. त्या बाजूने तुम्ही कधी चाललाच नाहीत. ठाण्याहून वाशीला रोज जाणाऱ्याला परतीच्या गाडीत स्टेशनांचा क्रम उलटा म्हणायला सांगा, तोही क्षणभर अडखळतो.

म्हणून कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द लिहूच नका. तिथे परिस्थिती लिहा आणि शब्दाच्या जागी रिकामी रेघ ओढा. त्या मुलीचं ‘मिटिगेट’चं कार्ड आम्ही दोघींनी मिळून पुन्हा केलं. पुढे मराठीत एक ओळ: ‘एकच बिल दोनदा भरलं जाऊ नये म्हणून आम्ही दुसरी तपासणी ठेवली.’ त्याखाली इंग्रजीत: ‘वुई अ‍ॅडेड अ सेकंड चेक टु मि— द रिस्क ऑफ डुप्लिकेट पेमेंट्स.’ फक्त पहिलं अक्षर दिलेलं. कार्डाच्या मागे शब्द, त्याखाली त्याचे सोबती, म्हणजे रिस्क, इम्पॅक्ट, इफेक्ट्स, डॅमेज. आणि शेवटी लाल पेनने: वेट नाही. वजनासाठी ‘लूज वेट’.

ही परिस्थिती तिच्या टेबलावरची होती. पुस्तकातलं वाक्य कुणा पूरग्रस्त देशाबद्दल होतं, ते तिला चार वेळा वाचूनही राहिलं नव्हतं. दुहेरी बिलाचं वाक्य तिने दुसऱ्या दिवशी न बघता म्हणून दाखवलं.

सराव कुठे करायचा? ठाणे ते ऐरोली गाडीत जेमतेम दहा मिनिटं मिळतात आणि सकाळी नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर कार्डं हातात धरण्याइतकी जागाही नसते. म्हणून मी सांगते, घरून निघताना पाच कार्डांच्या फक्त पुढच्या बाजू बघून निघा. गाडीत उभं राहून मनातल्या मनात वाक्यं पूर्ण करा. ऑफिसात पोहोचल्यावर मागची बाजू तपासा. हातात काही नसल्यामुळे डोकं खरंच आठवायला लागतं.

शब्द सुचतो, पण वाक्य खटकतं

यावर मी सर्वात जास्त बोलते, कारण बाकीचे दोन बिघाड मुलं स्वतःही दुरुस्त करू शकतात. इथे मात्र डिक्शनरीतला अर्थच त्यांची दिशाभूल करत असतो.

वर्गात मी आधी मराठीपासून सुरुवात करते. भूक लागते, तहान लागते. मग थंडी? थंडी वाजते. ताप येतो. दरदरून घाम फुटतो. झोप येते ती वेगळी आणि झोप लागते ती वेगळी. ‘लागणे’, ‘वाजणे’, ‘येणे’ यांचे अर्थ डिक्शनरीत बघून हे कुणाला शिकता येईल का? माझ्या शेजारी वीस वर्षं ठाण्यात राहिलेल्या, मनापासून मराठी बोलणाऱ्या एक हिंदीभाषक काकू आहेत. त्या म्हणतात, "मला थंडी लागते" आणि "बाहेर पाऊस होतोय." सगळं समजतं. व्याकरण चुकलेलं नाही, एकही शब्द चुकीचा नाही. तरी आपल्या कानाला ते कळतं, कारण मराठीत थंडी वाजते आणि पाऊस पडतो. तुमच्या मेलमध्ये इंग्रजी वाचणाऱ्याला खटकतं ते नेमकं हेच आहे.

जे. आर. फर्थ नावाचे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ होऊन गेले. १९२० च्या दशकात ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. पुढे १९५७ मध्ये त्यांनी जे लिहिलं त्याचा आशय असा, की शब्द ओळखावा तो त्याच्या संगतीवरून. माझ्या दृष्टीने शब्दसंग्रहाचा सगळा अभ्यास त्या एका वाक्यात आहे. इंग्रजीत गुन्हा ‘कमिट’ करतात, निर्णय ‘मेक’ करतात, रिस्क ‘टेक’ करतात, लक्ष ‘पे’ करतात. दुखणं, गरिबी, ताण हे ‘अलीव्हिएट’ होतात, धोका आणि परिणाम ‘मिटिगेट’ होतात. मराठीत दोन्हींना ‘कमी करणे’ म्हटलं की संपलं, आणि वहीतही तेच लिहिलेलं असतं.

संगतीच्या आत आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे शब्दाची नियत. मराठीतलं ‘बोकाळणे’ घ्या. अर्थ काय, तर भरमसाट वाढणे, सगळीकडे पसरणे. भ्रष्टाचार बोकाळतो, अंधश्रद्धा बोकाळते. पण ‘आमच्या भागात शिक्षण बोकाळलं आहे’ असं कुणी म्हटलं तर आपण चमकून बघू. वाढ तीच, पण हा शब्द वाईटाच्याच मागे लागतो. चांगल्यासाठी आपल्याकडे ‘बहरणे’ आहे. इंग्रजीतलं ‘रॅम्पंट’ हे हुबेहूब बोकाळणं आहे. रॅम्पंट करप्शन, रॅम्पंट इन्फ्लेशन. माझ्या एका विद्यार्थ्याने कंपनीच्या सादरीकरणात ‘रॅम्पंट ग्रोथ इन अवर कस्टमर बेस’ लिहिलं होतं. त्याच्या वहीत अर्थ होता ‘झपाट्याने वाढणारे’. मी त्याला एवढंच सांगितलं, "तू लिहिलंयस की आपले ग्राहक बोकाळले आहेत." त्यानंतर तो शब्द तो कधी चुकला नाही.

बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या गटाने १९८० च्या दशकात छापील आणि बोललेला मजकूर कॉम्प्युटरवर गोळा करून कुठला शब्द कुणाबरोबर येतो ते तपासलं, आणि त्यावरून १९८७ मध्ये शब्दकोश काढला. त्यांना दिसलं की ‘सेट इन’ (सुरू होऊन ठाण मांडणं) हे साधं क्रियापदसुद्धा बहुतेक वेळा सडणं, निराशा, कुजणं अशा नकोशा गोष्टींबरोबर येतं. ही माहिती नुसत्या अर्थात कधी मावत नाही. ‘अटर’चंही (निव्वळ) तसंच आहे, अटर नॉनसेन्स, अटर फेल्युअर. ‘एक्झॅसर्बेट’ म्हणजे वाढवणं खरं, पण आधीच वाईट असलेलं आणखी वाढवणं, जसं दुखणं, भांडण, टंचाई. विक्री एक्झॅसर्बेट होत नाही. ‘नोटोरियस’ म्हणजे प्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. ‘सिम्प्लिस्टिक’ला मुलं ‘सिंपल’चं भारदस्त रूप समजतात आणि एखाद्याची योजना सिम्प्लिस्टिक आहे म्हणून कौतुक करतात. त्या शब्दात मात्र विषय उथळपणे हाताळल्याची टीका आहे.

इथे एक दिलासा देते. ज्यांचं मराठी वाचन भरपूर आहे त्यांना हे बारकावे फार लवकर समजतात. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून, जे १८९३ पासून चालू आहे, आठवड्याला पुस्तक नेणारा एक मुलगा वर्गात होता. ‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’ यांत सगळे गोंधळले होते. मी विचारलं, तटस्थ आणि उदासीन यांत काय फरक? त्याने लगेच सांगितलं, पंच तटस्थ हवा, उदासीन नको. झालं, पहिला म्हणजे तटस्थ, निःपक्ष, दुसरा म्हणजे ज्याला रसच नाही तो. इंग्रजी सुधारण्यासाठी मराठी वाचन बंद करा असं सांगणाऱ्यांचं मला कधीच पटलेलं नाही.

मग दुरुस्ती कशी करायची? कोश बदला. इंग्रजी-मराठी कोश पहिली ओळख करून द्यायला ठीक आहे, पण त्याच्यावर थांबू नका. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लॉन्गमन यांचे शिकणाऱ्यांसाठी खास केलेले शब्दकोश इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. लॉन्गमनने १९७८ मध्ये असा कोश काढला तेव्हा साऱ्या व्याख्या साधारण दोन हजार सोप्या शब्दांतच लिहायच्या असं ठरवलं, त्यामुळे अवघड शब्द शोधताना दुसरा अवघड शब्द आडवा येत नाही. पण तुम्ही व्याख्येपेक्षा खालची उदाहरणवाक्यं वाचा. तीन-चार वाक्यांत शब्दाच्या आगेमागे काय येतंय ते बघा, तेच कार्डाच्या मागे उतरवा. एका शब्दाला चार मिनिटं लागतात. रोज पाच शब्द म्हणजे वीस मिनिटं, म्हणूनच मी पाचवर अडून बसते.

आपल्या विभक्तीची ओढ

संगतीतलाच एक भाग वेगळा काढते, कारण तो खास आपला आहे. मराठीत आपण एखाद्या गोष्टी‘वर’ भर देतो, म्हणून इंग्रजीत ‘एम्फसाइझ ऑन’ होतं. विषया‘बद्दल’ चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’. आई‘शी’ साम्य, म्हणून ‘रिझेंबल विथ’. अमुक‘शी’ लग्न, म्हणून ‘मॅरिड विथ’. विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय चोरपावलांनी इंग्रजीत येतं. ‘एम्फसाइझ’, ‘डिस्कस’, ‘रिझेंबल’ यांच्यापुढे थेट कर्म येतं, मधे काही नाही. ‘मॅरिड’ला ‘टु’ हवा. घोळ वाढतो तो यामुळे की नाम वापरलं तर ‘एम्फसिस ऑन’ आणि ‘डिस्कशन अबाउट’ दोन्ही बरोबर आहेत.

उलट काही शब्द शेपटाशिवाय येतच नाहीत: ‘कम्प्लाय विथ’, ‘कन्ड्यूसिव्ह टु’, ‘डिव्हॉइड ऑफ’, ‘अडेप्ट अ‍ॅट’. अशा शब्दांचं शेपूट शब्दाला जोडूनच लिहा आणि जोडूनच म्हणा. नुसतं ‘कन्ड्यूसिव्ह’ लिहिलेलं कार्ड मी परत करते.

सारखे दिसणारे शब्द

‘प्रिस्क्राइब’ म्हणजे लिहून देणं, ‘प्रोस्क्राइब’ म्हणजे बंदी घालणं. ‘अ‍ॅडव्हर्स’ म्हणजे प्रतिकूल, ‘अ‍ॅव्हर्स’ म्हणजे नावड असलेला. बाजारात मिळणाऱ्या याद्या अशा जोड्या शेजारी-शेजारी देतात, आणि त्यामुळेच त्या आयुष्यभर एकमेकांत मिसळतात. जुळ्या भावांची ओळख एकाच दिवशी करून दिली तर कोण कुठला हे महिनाभर कळत नाही. एक शब्द चौथ्या कप्प्यात पोहोचेपर्यंत दुसऱ्याचं कार्ड करूच नका. समानार्थी शब्दांच्या लांबलचक याद्यांनाही हेच लागू आहे.

उच्चार

उच्चार माहीत नसला की माणूस तो शब्द टाळतो, म्हणजे असून नसल्यासारखा. ‘एपिटमी’ (‘एपिटोम’ नव्हे), ‘हायपर्बली’ (‘हायपरबोल’ नव्हे), ‘सटल’ (‘सब्टल’ नव्हे), ‘रिसीट’ (‘रिसीप्ट’ नव्हे), ‘इन्डाइट’ (‘इन्डिक्ट’ नव्हे): यांतले किती शब्द तुम्ही स्पेलिंगप्रमाणे वाचत आलात ते स्वतःलाच विचारा. ऑनलाइन कोशात स्पीकरचं चिन्ह असतं. कार्ड लिहिताना ते दोनदा दाबायचं आणि मोठ्याने म्हणायचं.

मुळात कोणते शब्द घ्यायचे

अवघड तेवढा चांगला, ही समजूत सोडा. न्यूझीलंडच्या पॉल नेशन या अभ्यासकाने २००६ मध्ये मांडलेला हिशेब असा, की इंग्रजी पुस्तक किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक, माहीत हवीत. आकडा मोठा आहे, पण तो वाचून कळण्यासाठीचा आहे. ते सगळे शब्द बोलण्यात यायलाच हवेत असं नाही. वाचून ओळखायचे वेगळे आणि तोंडात बसवायचे वेगळे, ही वाटणी केली की निम्मं दडपण जातं. खोक्यात फक्त दुसऱ्या गटातले शब्द टाका.

पायाचे दोन हजार शब्द पक्के नसतील तर आधी ते. अशी यादी १९५३ मध्ये मायकेल वेस्ट यांनी प्रसिद्ध केली. ते बरीच वर्षं ढाक्याला शिकवत होते, म्हणजे आपल्यासारख्याच मुलांना. त्यानंतर कॉलेज आणि ऑफिससाठी सर्वात उपयोगी म्हणजे अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये केलेली ५७० शब्दकुटुंबांची यादी. त्यात ‘असेस’, ‘अस्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘कॉन्टेक्स्ट’ असे शब्द आहेत. दिसायला साधे, पण अहवाल, मेल, निबंध यांत सतत लागणारे. कळव्याच्या मुलीच्या ७४० शब्दांत ‘असेस’ (मूल्यमापन करणं) नव्हता, ‘सेस्क्विपीडेलियन’ (लांबलचक शब्दांचा) होता.

परदेशाची तयारी करणाऱ्यांनीही हे ऐकावं. परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठी लागणाऱ्या जीआरई परीक्षेने २०११ मध्ये विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसंबंधाचे प्रश्न काढून टाकले. आता शब्द वाक्यात आणि परिच्छेदातच विचारतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनात आणि संभाषणात एक चतुर्थांश गुण शब्दसंपदेला असतात आणि वरच्या बँडसाठी (गुणश्रेणीसाठी) परीक्षक शब्दांची संगत बरोबर आहे का ते बघतो. घोकलेल्या यादीचे दिवस त्या परीक्षांतही संपले आहेत.

शब्द कुठे शोभतो हेही बघावं लागतं. मराठीत कुणी घरात "मी जल प्राशन करून येतो" म्हणत नाही. टीम लीडरला ‘आय शॅल कमेन्स द टास्क’ लिहिणं तसंच आहे. ‘स्टार्ट’ पुरेसं आहे, आणि तो शब्द तुम्हाला येतोच.

मूळ धातू ओळखून शब्द लक्षात ठेवण्याची युक्ती मला फार प्रिय आहे, आणि आपल्याला तर त्यात जन्मजात फायदा आहे. संस्कृत आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात असं विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडलं होतं. म्हणून ‘इमॉर्टल’मध्ये आपलं ‘मृत’ ऐकू येतं, ‘इनोव्हेट’ आणि ‘नोव्हिस’मध्ये ‘नव’, ‘डेंटल’मध्ये ‘दंत’. आणि ‘पद’ बघा: पायात बेडी अडकवणं ते ‘इम्पीड’, पाय मोकळा करणं ते ‘एक्स्पिडाइट’. ऑफिसात रोज ‘काइंडली एक्स्पिडाइट’ लिहिणाऱ्यांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. पण धातूवरून अर्थाचा अंदाज येतो, संगत येत नाही. ती उदाहरणवाक्यातूनच बघावी लागते.

खोका तुंबला तर

ही अडचण दरवर्षी गणपतीनंतर येते. दहा दिवस कार्डांना हात लागलेला नसतो, पहिल्या तीन कप्प्यांत शंभराच्या वर कार्डं साठतात, आणि ते बघूनच माणूस सोडून देतो. असं झालं तर आठवडाभर एकही नवा शब्द घेऊ नका. आधी तिसरा कप्पा काढा, पहिला नाही. तिथली कार्डं कधीतरी आलेली होती, ती हातातून निसटत असतात आणि थोड्या मेहनतीत परत येतात. मग दुसरा. पहिल्या कप्प्यातली रोज पंधराच घ्या, उरलेली रबर लावून बाजूला ठेवा.

एखादं कार्ड पाच-सहा वेळा पहिल्या कप्प्यात परत आलं असेल, तर ते पुन्हा घोकू नका, फाडून टाका आणि त्याच शब्दाचं नवं कार्ड दुसऱ्या वाक्याने करा. कळव्याच्या मुलीचं ‘रिलक्टंट’ असंच दोन महिने अडलं होतं. तिने वाक्य बदललं: ‘बाबा डॉक्टरकडे जायला राजी नसतात.’ मागे लिहिलं, ‘रिलक्टंट टु सी अ डॉक्टर’. ते कार्ड आता पाचव्या कप्प्यात आहे.

जुनी वही तिने टाकलेली नाही. दर शनिवारी ती त्यातलं एक पान उघडते, कामात खरंच लागतील असे चार-पाच शब्द निवडते, त्यांची कार्डं करते आणि पानाच्या कोपऱ्यात तारीख टाकते.